पेन्सिलीची शून्यं

तिसऱ्या रजिस्टरचे फोटो मी पाठवले नाहीत, तेव्हा मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय असं तुम्हाला सांगितलं होतं. कॅमेऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. त्याच दुपारी मी गच्चीवरच्या कढीपत्त्याचा फोटो काढून तुमच्या आईला पाठवला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगणं याहून कठीण आहे.

तुम्हा दोघा नातवंडांसाठी एकदमच लिहितेय. थोरलीचं कामच या विषयातलं आहे आणि धाकट्याला यातलं काही ठाऊक नाही. तेव्हा थोरलीने ओळखीचा भाग आला म्हणून घाई करू नये आणि धाकट्याने मध्येच सोडून देऊ नये. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, नोकरीतले अहवालही मी आयुष्यभर इंग्रजीत लिहिले. 'काही नमुने तपासता आले नाहीत' अशा धर्तीची वाक्यं लिहायचा तिथे मला फार सराव आहे. मराठी मी आईशी बोलत असे, आणि आईपुढे माझं खोटं कधी टिकलं नाही. म्हणून हे मराठीत.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी थोरलीने मला स्क्रीनवर तिचा तक्ता दाखवला. उभ्या बाजूला औषधांचे रेणू, आडव्या बाजूला शरीरातली प्रथिनं. कुठला रेणू कुठल्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि कोणाच्या शरीरात त्यातून बिघाड होतो, हे जिथे माहीत होतं तिथे आकडा होता. बाकी सगळे चौकोन रिकामे. भरलेल्या चौकोनांवरून रिकाम्यांत काय असेल याचा अंदाज तिचा संगणक करतो.

"एवढे रिकामे?" मी विचारलं. मला रिकामे चौकोन बघवत नाहीत, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. माझी किराण्याची यादीसुद्धा रकाने आखून असते.

"त्याच्यावरच तर आमचं पोट चालतं, आजी," ती हसली. "पण अडचण वेगळीच आहे. काय सापडलं ते सगळे लिहून ठेवतात. शोधलं आणि नाही सापडलं, ते कोणी लिहीत नाही. आई म्हणाली, तुझ्याकडे जुनी रक्ततपासणीची रजिस्टरं आहेत. त्यात शून्यं आहेत?"

"आहेत की."

"हाताने तपासलेली? खरी?"

"मग काय खोटी?" मी म्हणाले. माझ्या तोंडून हे अगदी सहज निघालं.

पहिल्या दोन रजिस्टरांचे फोटो मी चार दिवसांत पाठवले. नावांच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवून, एकही बोट फोटोत येऊ न देता. तिचा निरोप आला, 'आजी, तुझी शून्यं म्हणजे सोनं आहे.' तो निरोप मी बराच वेळ बघत बसले आणि तिसरं रजिस्टर कपाटात परत ठेवलं.

आता ते रजिस्टर कशाचं, ते सांगते.

मी शहरातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. आमच्या विभागाने रक्तातल्या एका दोषाची पाहणी हाती घेतली होती. तांबड्या पेशींत एक एन्झाइम असतं, जी-सिक्स-पीडी नावाचं. ते पेशीला सांभाळतं. काही माणसांत ते जन्मापासून कमी असतं. त्यांना एरवी काही जाणवत नाही, शेती करतात, मेंढरं वळतात, लग्नं होतात. पण काही विशिष्ट औषधं पोटात गेली, तर त्यांच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात. हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवस जी गोळी देतात, ती त्यातलीच एक. तेव्हा कोणात हा दोष आहे हे आधी कळलं, तर डॉक्टरांना सावध करता येतं. काम इतकं साधं आणि उपयोगाचं होतं.

तपासणीही साधी. रक्ताच्या थेंबात निळा रंग घालायचा आणि नळी कोमट पाण्यात उभी करायची. रंग उडून गेला तर एन्झाइम आहे, म्हणजे दोष नाही, रजिस्टरात शून्य. निळा तसाच राहिला तर दोष आहे, एक लिहायचा. बहुतेक सगळ्यांची शून्यंच येत. दिवसभर शून्यं लिहून एखादा एक आला की आम्ही सगळे नळी बघायला गोळा व्हायचो.

आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणारी बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत, मीही, जरी ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती. तिचं माहेर पाचोडच्या बाजूचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. ही पाहणी गावोगाव करायची ठरली तेव्हा मी तिला म्हटलं, "मावशी, तुमच्या लोकांना रक्त द्यायला तयार कराल का?" पाचोडच्या बाजाराच्या दिवशी आम्ही एका शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं आणि मावशी पदर खोचून, रक्त दिलं की कार्ड मिळेल असं सांगत बाजारात शिरली.

"मेंढराचं रगत घ्या की," एक म्हातारा म्हणाला. "आमच्यात काय उरलंय?"

"तुमचंच पायजे," मावशी म्हणाली. "मेंढरू कार्ड घिऊन डाक्टरकडं जात नाय."

तिचा धाकटा भाऊ तिथेच होता. उंच, सडपातळ, कानात बाळी. हात पुढे करताना म्हणाला, "अक्का, माझ्या हातातनं पाणी निघंल बघ. लई दुष्काळ हाय."

"पाणी निघालं तर बरंच. आमच्याकडं नळ नाय चार दिस," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

प्रत्येकाला आम्ही एक पिवळं कार्ड देणार होतो. पोस्टकार्डाएवढं. त्यावर 'दोष आहे' किंवा 'दोष नाही' असा शिक्का आणि खाली माझी सही. ही कल्पना माझी होती आणि मला तिचा अभिमान होता.

तो उन्हाळा थोरलीच्या जन्माचा. तुमची आई बाळंतपणाला माझ्याकडे होती आणि बारशाला आलेल्यांना आम्ही टँकरचं पाणी पाजलं होतं. जायकवाडीच्या पाण्यातून बुडालेल्या देवळांचे कळस वर आले होते आणि लोक ते बघायला सहलीसारखे जात होते. शहर मात्र थांबलं नव्हतं. बीड बायपासच्या पलीकडे, जिथे आधी नुसती माळरानं होती तिथे पाट्या लागत होत्या, फ्लॅट बुक होत होते. आणि खेड्यांतली माणसं वाळूजच्या कारखान्यांकडे येत होती. मेंढरं विकून मावशीचा भाऊही त्याच वर्षी बजाजनगरात आला. एका कंपनीत कंत्राटावर लागला. दिवाळीपर्यंत एकही खाडा न करता काम केलं तर पर्मनंट करतील, असं साहेबाने सांगितलं होतं. मावशी हे आम्हाला रोज सांगायची, "आमच्या घरात पयल्यांदा कोणी तरी पगारावर असंल."

पाचोडचे एकतीस नमुने बर्फाच्या डब्यातून आले, त्याच आठवड्यात आमच्या इमारतीचं पाणी पूर्ण बंद झालं. आमच्या तपासणीला डिस्टिल्ड पाणी लागे, आणि ते करणारं काचेचं यंत्र एक बाटली शुद्ध पाणी द्यायला पिंपभर पाणी नुसतं थंडाव्यासाठी ओतून देई. ते ओतून गेलेलं कोमट पाणी मावशी आणि दोघी-तिघी कळशीत धरून घरी नेत. नळ्या धुवायलाही पाणी नव्हतं. टँकर सोमवारी येतो म्हणाले, मग बुधवारी, मग पुढच्या सोमवारी. त्यात भारनियमन होतंच. फ्रिज दिवसाचा अर्धा वेळ बंद. मी तो उघडून बघायची, तर नळ्यांत वरचा पारदर्शक भाग गुलाबी व्हायला लागलेला. रक्त फुटत होतं, म्हणजे तपासणीच्या कामाचं राहिलं नव्हतं.

आणि रजिस्टरचं पान तसंच होतं. एकतीस नावं, वय, गाव, आणि शेवटचा रकाना रिकामा.

मी पेन्सिल घेतली आणि त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं काढली. मनात काही वाईट नव्हतं. पुन्हा पाचोडला जायचं, नव्याने रक्त घ्यायचं, तपासायचं आणि मग पेनाने लिहायचं, असं ठरवलं होतं. पेन्सिल म्हणजे तात्पुरतं, हे मला माहीत होतं. नाही तरी बहुतेकांचं शून्यच येतं, असंही मनात आलं असणार. नसतं आलं तर मी शून्य का काढलं असतं? फुली मारता आली असती.

थोरले, तुझा संगणक करतो तेच मी केलं. आधीच्या चौकोनांवरून पुढचे भरले. फरक एवढाच, की तुझा संगणक अंदाजाशेजारी तो अंदाज आहे असं लिहितो.

पुन्हा पाचोडला गेले तेव्हा व्हरांड्यात कोणी आलं नाही. चाऱ्यामागे कळप घेऊन कोणी गोदाकाठाने उतरलं होतं, कोणी वीटभट्टीवर, कोणी शहरात. मी परत आले. पंधरा दिवसांनी विभागाच्या तपासणीसाठी समिती येणार असल्याचं पत्र आलं. रजिस्टरात पेन्सिल चालत नाही, हा माझाच नियम होता. विद्यार्थ्यांना मी त्यावरून वर्गाबाहेर काढलं होतं. एका दुपारी मी पंखा बंद करून बसले, म्हणजे पानं हलू नयेत, आणि पेन्सिलीच्या खुणांवरून निळ्या शाईने गिरवत गेले. ती एकतीस गिरवताना हात थांबला होता का? थांबला होता. चहा आला, मी चहा घेतला, आणि मग उरलेली गिरवली. समितीने रजिस्टर उघडून बघितलं आणि 'अतिशय नीटनेटके' असा शेरा मारला.

कार्डं रजिस्टरवरून भरली गेली. मावशीने ती बाजारात आणि वस्त्यांवर ओळखीच्यांच्या हाती पोचवली. भावाचं तिने स्वतः त्याला नेऊन दिलं.

पाऊस झाला, पण थोडाच. बजाजनगरात ज्याच्या त्याच्या दारात पाण्याची निळी पिंपं, आणि पिंपांत डास. गणपतीच्या सुमाराला मावशीच्या भावाला थंडी वाजून ताप आला. तिथले डॉक्टर काळजी घेणारे होते. त्यांनी हिवताप ओळखला, आणि भावाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्डाबरोबर ठेवलेलं पिवळं कार्ड काढून दाखवलं, तेव्हा त्यांनी विभागात मला फोन केला.

"मॅडम, कार्डावर तुमची सही आहे. चौदा दिवसांची गोळी सुरू करतोय. चालेल ना?"

"कार्डावर काय आहे?"

"दोष नाही."

"मग चालेल," मी म्हणाले. रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. हात लांबवला असता तर मिळालं असतं.

चौथ्या दिवशी मावशी नऊ वाजताच येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. ती सहसा टेबलाशी येत नसे.

"मॅडम, भावाला चहासारकी लघवी व्हायलीय. काळी. डोळे पिवळे झालेत. उठवत नाय त्याला."

तेव्हा मी रजिस्टर उघडलं. पान तिरपं धरलं की शाईखाली पेन्सिल चमकते. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत चमकत होती. मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, ती गोळी आत्ताच्या आत्ता बंद करा आणि त्याला मोठ्या दवाखान्यात हलवा.

"पण मॅडम, कार्ड तर..."

"कार्ड सोडा. गोळी बंद करा."

एवढं मी केलं. ते वेळेत केलं, हेही खरं आहे. त्याला रक्ताच्या दोन बाटल्या द्याव्या लागल्या. एक तुमच्या आजोबांनी दिली. मी रोज डबा घेऊन गेले. वॉर्डात मावशी शेजारच्या बायांना सांगायची, "ह्या आमच्या मॅडम. ह्यांनी फोन केला म्हणून माझा भाऊ हाय." आणि मी डब्याचं झाकण काढत राहायची.

डॉक्टरांनी त्याच दिवसांत त्याचं रक्त आमच्याकडे पाठवलं. आता पाणी होतं. मी स्वतः तपासलं. निळा रंग हळूहळू, पण उडाला. याचं कारण मला माहीत होतं. जुन्या, कमजोर पेशी आधीच फुटून गेल्या होत्या. उरल्या त्या ताज्या पेशी, आणि त्यांत एन्झाइम जरा बरं असतं. शिवाय दुसऱ्याचं रक्त भरलेलं. अशा वेळी केलेल्या तपासणीवर विश्वास ठेवायचा नसतो, तीन महिने थांबायचं असतं. हे मी दर वर्षी वर्गात शिकवत होते. मी अहवालात लिहिलं, 'दोष आढळला नाही.' खाली एक ओळ लिहायची होती, ती लिहिली नाही.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुमचं कार्ड बरोबरच होतं, मॅडम. हिवतापानेच झालं असेल हे."

मी गप्प राहिले. चौकशीची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती मला वेगळीच होती, आणि ती लिहायला मला लाज वाटते. सगळं आयुष्य लोक मला एकाच गोष्टीसाठी ओळखत होते, की हिच्या हातचं चुकत नाही. त्यावाचून माझ्याकडे फारसं काही होतं असं मला वाटत नव्हतं.

तो दोन महिने कामावर जाऊ शकला नाही. दिवाळी आली आणि गेली. त्याच्या जागी दुसऱ्याला पर्मनंट केलं.

तीन महिने पुरे झाल्यावर मी मावशीला सांगून त्याला बोलावलं. नळी कोमट पाण्यात उभी केली आणि समोर बसून राहिले. एक तास, दोन तास. रंग जसाच्या तसा निळा. मी नवीन कार्ड केलं, लाल शाईने, कुठली औषधं घ्यायची नाहीत त्यांची यादी मराठीत लिहून, आणि त्याला म्हटलं, "तुझं रक्त नाजूक आहे. हे कार्ड दाखवल्याशिवाय कुठलीही गोळी घ्यायची नाही." एवढंच. मग, जणू सहज आठवल्यासारखं, "जुनं कार्ड दे बघू."

त्याने बहिणीकडे बघितलं. मावशी म्हणाली, "हारवलं ते."

त्यानंतर 'दुसरी फेरी' असं नाव देऊन मी बाकीच्या तिसांचा शोध घेतला. मावशी बरोबर असायची. वर्षभरात एकवीस जण सापडले. सगळ्यांचं रक्त तपासलं, सगळ्यांचा रंग उडाला. नऊ जण सापडले नाहीत. नऊ माणसं माझ्या सहीचं 'दोष नाही' खिशात घेऊन कुठे तरी होती. मग मी निवृत्त झाले. शहराचं नाव बदललं, माळरानावर आठ-आठ मजले झाले. वर्तमानपत्रात हिवतापाची बातमी आली की मी ते पान उलटून पुढे जायची. ही युक्ती मला बरीच वर्षं पुरली.

मग थोरलीचा तो निरोप आला. सोनं.

या सोमवारी सकाळी रिक्षा केली आणि तिसरं रजिस्टर पिशवीत घालून बजाजनगरला गेले. मावशी निवृत्त होऊन भावाच्या शेजारीच राहते. भाऊ आता एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन आहे, त्याची सुट्टी होती. कानातली बाळी अजून आहे, केस पांढरे झालेत. मावशीने मला एकुलत्या एक खुर्चीत बसवलं आणि दोघं पलंगावर बसले.

"मॅडम, वाळून गेलात. लेकीकडं जाऊन ऱ्हावा की," मावशी म्हणाली.

मी रजिस्टर उघडून मांडीवर घेतलं. बोलायचं पाठ करून आले होते, ते सगळं गेलं. मी म्हटलं, "त्या दुष्काळात तुमच्या गावचं रक्त मी तपासलंच नव्हतं. न तपासता शून्य लिहिलं. पहिलं कार्ड खोटं होतं."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मावशीने त्याच्याकडे बघितलं नाही आणि माझ्याकडेही नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापासूनच. नळ्या कोण धुवायचं, मॅडम? एकतीस माणसं तपासली म्हंजे एकतीस नळ्या माझ्या मोरीत पायजेत. एक बी नव्हती. अन् तुमचं ते पाण्याचं यंत्र बंद होतं. ते चालू असतं तर माझ्या घरात कळशी आली असती. माझ्या घरात त्या हप्त्यात पाणी नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कार्डं वाटताना वाटलं, मॅडमनी दुसरीकडं तपासून घेतलं असंल. तुम्ही कवा चुकत नव्हता ना. भाऊ पडला तवा कळलं. पण तुम्ही रोज डबा आणायच्या. मला वाटलं, आज सांगतील. उद्या सांगतील. मग दुसऱ्या फेरीला आपण गावोगाव हिंडलो, तवा रोज वाटायचं, एसटीत बसल्यावर सांगतील."

ती उठली, पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिवळं कार्ड माझ्या मांडीवर, उघड्या रजिस्टरावर ठेवलं. शिक्का फिका झाला होता. सही चांगली वाचता येत होती.

"हारवलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही मागितलं, तवा मला राग आला. सांगून मागितलं असतं तर दिलं असतं."

मी भावाला म्हटलं, "तुझी नोकरी माझ्यामुळे गेली."

तो बहिणीला म्हणाला, "अक्का, तुला ठाव होतं अन् मला सांगितलं नाय?"

"तू जाऊन भांडला असता."

"भांडलोच असतो." माझ्याकडे वळून म्हणाला, "भांडलो असतो, मॅडम. आता काय भांडू? त्या कंपनीला बी कुलूप लागून दहा वर्सं झाली." यावर तो हसला, पण हसू पुरं झालं नाही. "पर्मनंट असतो तर पोरीला शिकवली असती. तेवढं मातर झालं नाय."

मला माफ कर असं म्हणायचा मी प्रयत्न केला, तर मावशी म्हणाली, "च्या घ्या, गार व्हायलाय." चहा काळा होता, दूध संपलं होतं. तो मी पुरा प्यायले.

निघताना भावाने रजिस्टरकडे बोट केलं. "बाकीचे सापडले का सगळे?"

"नऊ राहिले."

"वाचा नावं."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिल्या नावाला तो म्हणाला, "गेला. विहिरीचं काम करताना. चार वर्सं झाली." दुसऱ्याला, "हा फर्दापूरला हाय. लेण्यांच्या रस्त्याला लिंबूपाणी विकतो. त्याला पोरं बी हायेत." तिसऱ्याचा त्याला पत्ता नव्हता, पण त्याच्या मेव्हण्याचा फोन नंबर होता. मावशीने चौथ्याची बहीण कुठे दिली होती ते सांगितलं. नवापर्यंत आम्ही आलो तेव्हा सात जणांचा काही ना काही धागा हाती लागला होता. मी पर्समधून पेन्सिल काढून समासात लिहून घेत होते.

"पेन नाय का तुमच्याकडं?" भावाने विचारलं. "पुसून जाईल ते."

"भेटून, रक्त तपासून झाल्यावर पेन," मी म्हणाले.

मावशीने माझ्याकडे बघितलं. "शनवारी फर्दापूरला जाऊ," ती म्हणाली. "एसटीनं जाऊ. गाडीबिडी करू नगा, त्याला वाटंल पोलीस आले."

परवा शनिवार आहे. तपासणी आता कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये होते, त्याची विचारपूस मी केली आहे. रक्ताची बाटली कशी न्यायची तेही लिहून घेतलंय.

थोरले, तिसऱ्या रजिस्टरचे फोटो सोबत पाठवतेय. पान अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नासवर एकतीस शून्यं आहेत. तुझ्या तक्त्यात ते सगळे चौकोन रिकामे ठेव. त्यांतले बावीस नंतर तपासले, त्यांचे निकाल शेवटच्या पानावर आहेत, ते तेवढे घे, आणि पहिल्या क्रमांकासमोर, म्हणजे मावशीच्या भावासमोर, एक लिही. आधी पाठवलेल्या दोन रजिस्टरांची पानं मी काल दिवसभर खिडकीशी तिरपी धरून बघितली, त्यांत शाईखाली पेन्सिल कुठे दिसली नाही. तरी तुला शंका वाटली तर तीही सोडून दे, मी काही म्हणणार नाही. तुझ्या वरिष्ठांना कारण सांगावं लागेल. माझं नाव घालून सांग.

धाकट्या, तू इथवर वाचलं असशील तर तुझ्या बहिणीला फोन कर. तिला बरं वाटणार नाही.